टक्कल पडले तेव्हा दिल्ली आली



शेगाव म्हटले की जग गजानन महाराजांच्या मंदिरापर्यंत येते आणि तेथूनच परत जाते. त्याच तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा, भोनगाव ही नावे २०२५ च्या जानेवारीपर्यंत जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. मग एका आठवड्यात ती देशभरच्या पडद्यांवर झळकली. कारण काय, तर माणसांना टक्कल पडत होते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सुरुवात झाली. आधी डोक्याला खाज. दोन-तीन दिवसांनी केसांतून हात फिरवला की मूठभर केस हातात. आठवड्याच्या आत डोके मोकळे. म्हातारे, बायका, कॉलेजातल्या पोरी, शाळेतली मुले, कोणी सुटले नाही. कोणाचे डोके ठणकत होते, कोणाला ताप, कोणाला उलट्या-जुलाब, कोणाच्या अंगाला मुंग्या. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतल्या २७९ माणसांची नोंद झाली. पुढे एप्रिलमध्ये यातल्याच काही गावांत नखे ढिली होऊन गळू लागली.

ज्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्याला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शहरातल्या माणसाला हा गमतीचा विषय वाटला. गावातल्या पोरींनी डोक्याला ओढण्या बांधून शाळा-कॉलेज बुडवले.

आता कारण शोधण्याचा क्रम पाहा. पहिला प्रश्न विचारला गेला : शांपू कोणता लावता? दुसरा : आंघोळ कोणत्या पाण्याने करता? गरीब माणूस आजारी पडला की पहिला संशय त्याच्याच स्वच्छतेवर घ्यायचा, ही सायबांची जुनी रीत आहे. शांपूत काही सापडेना, कारण घरोघरी वेगळा शांपू, आणि कित्येक घरांत शांपूच नाही. मग बुरशी म्हणून झाले. मग पाणी. पाण्यात नायट्रेट जास्त, क्षार जास्त, असे अहवाल आले आणि पाण्यावर शिक्का मारण्याची तयारी झाली.

आम्ही तेव्हाही बैठकांतून म्हणत होतो की हे पटत नाही. पाणी वाईट आहे, यात वाद नाही. पण ते आज वाईट झाले काय? पूर्णाकाठचा हा सारा खारपाणपट्टा. आजा-पणजांनी हेच मचूळ पाणी प्यायले. त्यांना मुतखडे झाले, पोटे बिघडली, पण गावच्या गाव टकले झाल्याची गोष्ट कोणी ऐकली नाही. जुन्या कारणाने नवा रोग होत नाही. एकाएकी रोग आला तर एकाएकी काय आले ते पाहा. कपाशीवर नवी कीड दिसली तर आपण मागच्या पंधरा दिवसांत काय फवारले, कोणते बियाणे आणले, शेजाऱ्याने काय पेरले हे पाहतो. आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला जे कळते ते पथकांना कळायला वेळ लागला. दुसरी खूण आणखी मोठी होती. एका घरात सगळ्यांना, शेजारच्या घरात कोणालाच नाही. विहीर तीच. मग चूल वेगळी असली पाहिजे.

हे धान्यात शोधायचे ठरवले ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. विंचूदंशाच्या उपचारावर आयुष्य घातलेला हा माणूस, २०२२ चा पद्मश्री. त्यांनी पदरचे ९२ हजार रुपये खर्चून गावातून रेशनचा गहू नेला, रक्त, लघवी आणि केसांचे नमुने नेले आणि ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. गव्हात किलोमागे १४.५२ मिलीग्रॅम सेलेनियम निघाले. तोच गहू धुऊन तपासला तर १३.६१. माणसांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत दीडशे पट. आणि जस्त मात्र फार कमी. गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असे त्यांनी सांगितले.

धुण्याआधी १४.५२ आणि धुतल्यावर १३.६१, या दोन आकड्यांवर आम्ही बराच वेळ थांबलो. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला यात सगळी गोष्ट दिसते. विष गव्हाच्या अंगावर नव्हते, पोटात होते. गोदामातली पावडर, पोत्यावरची धूळ, गाडीत सांडलेले औषध यांपैकी काही असते तर पाण्याबरोबर गेले असते. ते गेले नाही, म्हणजे ते मुळातून वर चढून दाण्यात बसले होते. जमिनीतून.

सेलेनियम हे गंधकाचे धाकटे भावंड समजा. गंधक आपल्याला माहीत आहे : सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून येते, तेलबियांना लागते. झाडाच्या मुळाला गंधक आणि सेलेनियम यांत फरक करता येत नाही. ज्या दाराने गंधक आत येते त्याच दाराने हेही शिरते आणि दाण्यातल्या प्रथिनात गंधकाच्या जागी बसते. माणसाच्या अंगात गंधक सगळ्यात जास्त कोठे? केसांत आणि नखांत. खोट्या नाण्याने भरलेली तिजोरी जशी ऐन वेळी दगा देते तसे केस आणि नखे मुळातून सुटतात. अंगाला सेलेनियम लागते, पण किती? दिवसाला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ४०० च्या वर रोज गेले की धोका. आता हिशेब करा. रेशनचा गहू माणशी महिन्याला तीन किलो धरला, म्हणजे रोज १०० ग्रॅम. त्या गव्हातून रोज साडेचौदाशे मायक्रोग्रॅम. धोक्याच्या रेषेच्या साडेतीन पट, आणि तेही फक्त रेशनच्या तीन किलोंत.

हे जगात पहिल्यांदा घडले असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या डाकोटात गेल्या शतकाच्या आरंभीच घोड्यांची आयाळ गळत होती आणि खूर सुटत होते. त्याचे कारण १९३० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी सेलेनियम म्हणून नक्की केले. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९६१ ते ६४ या काळात तेथे लोकांचे केस आणि नखे गळाली. सर्वांत वाईट पाच गावांत निम्म्याच्या आसपास माणसे आजारी होती. कारण आपण कोरडवाहू लोकांनी कान देऊन ऐकावे असे आहे. दुष्काळात भात बुडाला आणि लोकांना सेलेनियमच्या जमिनीवरचा मका आणि भाजी यांवर पोट भरावे लागले. रोग जमिनीत आधीपासून होता. तो माणसात आला तो एकाच अन्नावर जगायची पाळी आली तेव्हा.

आणि घरचे उदाहरण? पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर भागात शिवालिकच्या डोंगरातून वाहून आलेल्या गाळाच्या काही पट्ट्यांत सेलेनियम भरलेले आहे. म्हशींचे खूर गळतात, शेपटीचे केस जातात. लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांनी त्यावर १९८० च्या दशकापासून लिहिले आहे, जमिनीत जिप्सम टाकले तर पीक सेलेनियम कमी उचलते हेही दाखवले आहे. शेगावला आलेला गहू त्याच पट्ट्यातला होता असे आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा आमच्या हाती नाही. आम्ही एवढेच विचारतो की जी गोष्ट पुस्तकात चाळीस वर्षे छापलेली आहे ती पोत्यात धान्य भरताना कोणाला का आठवू नये? पंजाबच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवू नका. तो आपल्यासारखाच. त्याच्या जमिनीत काय आहे ते त्याला कोणी सांगितले नाही आणि आपल्या पोत्यात काय आहे ते आपल्याला कोणी सांगितले नाही.

सरकार गहू तपासत नाही असे नाही. ओलावा पाहते. खडे-माती पाहते, आखडलेले आणि फुटके दाणे सहा टक्क्यांच्या आत आहेत का पाहते, सोंडे किती ते पाहते. म्हणजे गहू साठवायला बरा आहे का ते पाहते. खायला बरा आहे का, हा प्रश्नच त्या कागदावर नाही. आणि हीच माणसे आमच्या कापसाशी कशी वागतात? बोंडातला कापूस काढून आम्ही केंद्रावर गाडी लावली की यंत्र टोचले जाते. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. रात्रभर ट्रॅक्टरचे भाडे अंगावर. जो कापूस कोणी खाणार नाही त्याला इतकी कडक परीक्षा, आणि जो गहू आमची लेकरे खाणार त्याला फक्त चाळणी.

आता जरा स्वतःकडे पाहू. बुलडाणा जिल्ह्यातल्या कपाशीवाल्या गावात गहू हे रोजचे अन्न झाले कसे? आम्ही लहान होतो तेव्हा पोळी सणाला आणि पाहुणा आला तर. बाकी दिवस ज्वारीची भाकर, कळण्याची भाकर, ठेचा, तुरीचे वरण. कपाशीत तूर, बाजूला ज्वारीची पाटे, कडबा बैलाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळाला. आमचे वडील त्याची भाकर आठवली तरी तोंड वाकडे करतात. पण तो दुष्काळ होता. आज दुष्काळ नसलेल्या वर्षीही आम्ही परक्या धान्यावर आहोत.

यात आमच्यासारख्यांचा हात आहे. आम्ही अकोल्याला कृषीची पदवी घेतली आणि गावोगाव जाऊन सांगितले, ज्वारीत काय ठेवले आहे, सोयाबीन पेरा, शंभर दिवसांत पैसा हातात. हिशेब चुकीचा नव्हता. एकरी नफ्याच्या रकान्यात ज्वारी हरतच होती. पण त्या रकान्यात कडबा आम्ही धरला नाही, घरात खाल्ली जाणारी पोती धरली नाहीत. आणि ज्वारी जाईल तेव्हा तिच्या जागी ताटात काय येईल, हा प्रश्न तर आम्हाला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

मागे एका बैठकीत आम्ही ज्वारीची थोरवी सांगू लागलो. मागे बसलेला एक जण उठून म्हणाला, "भाऊ, भाकर कोनाले नको? पन जवारी पेरली तं अर्धी डुकरं खातात, पाव पाखरं खातात. उरली ते काढाच्या वक्ती पानी येते अन् कनीस काळं पडते. काळी जवारी व्यापारी मातीच्या भावात घेते. अन् रेशनचा गहू फुकट भेटते. तुमीच सांगा, म्या काय करू?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने आळस म्हणून ज्वारी सोडलेली नाही, हिशेबाने सोडली आहे. तो हिशेब बिघडवून ठेवणारे दुसरेच आहेत.

कायदा काय सांगतो तेही बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे लिहिले होते. म्हणजे ज्वारी देण्याला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. २०१८ साली सरकारने 'भरड' हे नाव काढून 'पौष्टिक' असे केले. २०२३ हे साल तर साऱ्या जगाने भरड धान्याचे म्हणून साजरे केले आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात आमच्या ज्वारीला 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली. पदव्या भरपूर झाल्या. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला. जाहीर होण्यात आणि मिळण्यात काय अंतर असते ते ज्याने केंद्रावर बारदान्यासाठी दिवस काढले त्याला विचारा. आमची ज्वारी जिल्ह्यातच हमीभावाने घेऊन जिल्ह्यातल्याच रेशन दुकानात दिली, तर वाहतूक वाचते, खाणाऱ्याला ओळखीचे धान्य मिळते, आणि कोणत्या जमिनीतून काय आले हे शोधायला हुबेईपर्यंत जावे लागत नाही.

शहरात दोन प्रकारचे लोक या प्रकरणात बोलू लागले आहेत. एक म्हणतात, फुकटचे खाता म्हणून असे होते, रेशन बंदच करा. त्यांना आमचे सांगणे : शेतीमालाचे भाव पाडून जे आमच्या खिशातून काढले त्याच्या बदल्यात हे पाच किलो फेकले आहेत. आधी भाव द्या, मग फुकट हा शब्द उच्चारा. दुसरे म्हणतात, धान्य नको, रोख पैसे घ्या. तेही करून झाले. २०२३ मध्ये आपल्यासारख्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचे धान्य बंद करून माणशी महिन्याला दीडशे रुपये लावले. त्या दीडशे रुपयांत पाच किलो ज्वारी कोणत्या दुकानात मिळत होती ते त्या विद्वानांनी दाखवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप करून लिहायला बसलो ती. केस गळाले आणि पथकांवर पथके आली. दिल्लीहून आली, चेन्नईहून आली, भोपाळहून आली. बरे झाले आली. बहुतेकांचे केस पुढे परत उगवू लागले, तेही बरे झाले. पण याच पट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत, मूत्रपिंडाच्या रोगाने माणसे वर्षानुवर्षे झिजत आहेत. ती परत उगवत नाहीत. त्यांच्यासाठी इतक्या गाड्यांची रांग लागलेली आम्ही कधी पाहिली नाही. केस गळणे डोळ्याला दिसते, कॅमेऱ्याला दिसते. किडनी आतल्या आत जाते. आधी पाय सुजतात, बाई म्हणते काम जास्त झाले असेल. मग जेवण नको होते, ती म्हणते पित्त आहे. मग धाप. दवाखान्यात जाईपर्यंत बहुतेक काम आटोपलेले असते.

संग्रामपूरकडच्या एका काकूंच्या घरी आम्ही मागच्या उन्हाळ्यात बसलो होतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एसटीने जाणे, एसटीने येणे, बरोबर एक माणूस, म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी गेली. शहरातल्या एका दवाखान्याने पथ्याचा छापील कागद दिला होता. त्यात सफरचंद होते, पपई होती, पनीर मोजून खा असे होते. भाकर हा शब्द त्या कागदावर कोठेच नव्हता. ना खा म्हणून, ना खाऊ नका म्हणून. डाळ किती, कोणती भाजी उकळून पाणी टाकून द्यायची, ताकाचे काय, लोणच्याचे काय, काही नाही. एक ओळ मात्र ठळक होती : मीठ कमी करा. काकू हसल्या. म्हणाल्या, "मीठ तं म्या वरतून सोडूनच देल्लं भाऊ. पन इहिरीतून येते त्याचं काय करू?"

त्या कागदाला आमच्याकडे उत्तर नाही. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत, दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, नायट्रेट ४५ च्या वर नको, हे देशाचे मापदंड आहेत. ते आमच्यासाठी नाहीत असे कोठे लिहिले आहे? वान धरणाच्या पाण्याची योजना आहे. जेथे नळाला रोज पाणी येते तेथे लोक ते पितात. जेथे आठ-दहा दिवसांनी येते तेथे मधल्या दिवसांत हापशीच. ज्याच्याकडे पैसे आहेत तो वीस लिटरचा थंड कॅन घेतो. मजूर बाई घेत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. केसांचे प्रकरण मिटले म्हणून फाईल बांधू देऊ नका. जे तपासले ते सारे, सेलेनियमचे असो की पाण्याचे, ज्या गावांतून नमुने नेले त्या गावांच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले पाहिजे. अंग आमचे, रक्त आमचे, अहवालही आमचा. रेशनची प्रत्येक गाडी कोणत्या गोदामातून आणि कोणत्या राज्यातून आली ते दुकानाच्या फळ्यावर लिहिले पाहिजे. मूत्रपिंडाच्या रोग्यांची गावनिहाय यादी जिल्हा परिषदेने करावी. तिने केली नाही तर आपण करू, आणि तो कागद घेऊन बुलडाण्याला जाऊ.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात. त्या महिन्यात मिळालेला रेशनचा गहू, पसाभर, कापडाच्या पिशवीत, वर दुकानाचा क्रमांक आणि महिना लिहून. ज्या विहिरीचे किंवा हापशीचे पाणी गाव पिते त्याची एक स्वच्छ बाटली, तिच्यावरही नाव. आणि गावात डायलिसिसवर असलेल्या माणसांची यादी, वय आणि पहिल्यांदा कळले ते साल यांसह. नावे ज्यांची हरकत नसेल त्यांचीच. नमुने तपासण्याचा खर्च वर्गणीतून करायचा आहे. ज्यांच्याकडे गावरान ज्वारीचे बियाणे अजून आहे त्यांनी शेरभर तेही आणावे. ज्यांना पाटा दोन पाटे घरापुरती पेरायची आहेत अशी नावे आमच्याकडे आतापासून येऊ लागली आहेत.